ज्युनिअर हॉकी वर्ल्ड कप समजून घ्यायचा तर आधी पोरांच्या जन्मतारखा बघा

१० डिसेंबर २०२५ ची संध्याकाळ, चेन्नईत भारत आणि अर्जेंटिनाची मॅच, ज्युनिअर हॉकी वर्ल्ड कपच्या ब्राँझसाठी. तीन क्वार्टर संपले होते आणि आपण ०-२ नं मागे. बहीण म्हणाली दिवेलागणीची वेळ झाली बंद करा ते, पण भाचा रिमोट सोडायला तयार नाही. आणि मग शेवटच्या क्वार्टरला अंकित पाल, मनमीत सिंग, शारदानंद तिवारी, अनमोल एक्का, एकामागं एक चार गोल, ४-२. पोरगं पलंगावर उभं राहून नाचायलं होतं. नाचून दमल्यावर त्यानं मला विचारलं, "मामा, हेच पोरं पुढच्या वर्ल्ड कपला पण असतील ना?"

नसतील. यातले बहुतेक जण नसतील, आणि यात फॉर्मचा किंवा सिलेक्शनचा काही संबंध नाही, त्यांचं वय निघून गेलेलं असेल. एवढं एक ध्यानात आलं की या स्पर्धेतलं बाकीचं सगळं, जर्मनी सारखी का जिंकते, आपण पंधरा-पंधरा वर्षं कुठं असतो, आमच्या नांदेडकडचं पोरगं तिथपर्यंत काहून पोचत नाही, हे एकेक करून उलगडत जातंय. भाच्याला जे सांगितलं तेच इथं लिहायलोय, थोडं जास्त सांगतो कारण त्याला त्या दिवशी झोप आली होती.

तर ज्युनिअर म्हणजे २१ वर्षांखालचे. लई जणांना वाटतं की शाळकरी पोरांची स्पर्धा असेल, तसं नाही, यातले काही जण सीनिअर टीमकडून पण खेळून आलेले असतेत. २०२१ ला भुवनेश्वरला आपला कॅप्टन होता विवेक सागर प्रसाद, तो त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकचं ब्राँझ घेऊन आलेला होता, म्हणजे गळ्यात ऑलिम्पिकचं मेडल पडलेलं आणि वयानं अजून ज्युनिअर. स्पर्धा भरवते आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ, एफआयएच म्हणतेत त्याला. पहिली स्पर्धा १९७९ ला फ्रान्सला व्हर्सायमध्ये झाली आणि ती पाकिस्ताननं जिंकली. मग तीन वर्षांनी, चार वर्षांनी, अशी होत राहिली, आणि आता अलीकडं दर दोन वर्षांनी व्हायली, २०२१, २०२३, २०२५.

हा दोन वर्षांचा बदल वरून साधा दिसतो पण पोरांसाठी लई मोठा आहे. आधी काय व्हायचं, चार वर्षांतून एकदा स्पर्धा, म्हणजे एका पोराला नीट बघितलं तर एकच चान्स. २०१६ नंतरची स्पर्धा तर थेट २०२१ ला झाली, पाच वर्षांची फट. आता हिशोब करा, २०१६ ला जो पोरगा १७ वर्षांचा होता, टीमच्या दारात उभा होता पण मोठ्या पोरांपुढं नंबर लागला नाही, तो २०२१ ला २२ चा झाला. संपलं. त्यानं मेहनत कमी केली होती असं नाही, तो चुकीच्या साली जन्मला एवढंच. दर दोन वर्षांनी स्पर्धा असली की असल्या पोराला निदान दुसरी संधी राहते, आणि माझ्या मते एफआयएचनं गेल्या काही वर्षांत घेतलेल्या निर्णयांत हा सगळ्यात चांगला निर्णय आहे.

आता जर्मनीचं बघू. १९८२, १९८५, १९८९, १९९३, अशा लागोपाठ चार, त्यातल्या पहिल्या तीन पश्चिम जर्मनी असतानाच्या. मग २००९, २०१३, २०२३ आणि आता २०२५, फायनलला स्पेनला शूटआऊटमध्ये हरवून. आठ झाल्या. बाकी सगळ्यांच्या मिळून सहा होतेत, भारताच्या दोन, अर्जेंटिनाच्या दोन, ऑस्ट्रेलियाची एक आणि पाकिस्तानची ती पहिली. सीनिअर टीम सारखी जिंकत असेल तर आपण म्हणू शकतो की बाबा त्यांच्याकडं एक भारी पिढी आली, दहा वर्षं टिकली. इथं तसं म्हणताच येत नाही, कारण इथं दर वेळेला टीमच नवी असते. १९८२ च्या पोरांची पोरं आता खेळायच्या वयाची झाली असतील आणि जर्मनी जिंकायलीच आहे. याचा अर्थ त्यांच्याकडं खाली काहीतरी पक्कं बसलेलं आहे, आणि ते म्हणजे क्लब. तिकडं पोरगं सहा-सात वर्षांचं असताना गल्लीतल्या नाहीतर गावातल्या क्लबला जातं, तिथंच मोठं होतं, वयोगटाप्रमाणं लीग खेळत खेळत वर जातं, आणि हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही तर हॉलमध्ये इनडोअर हॉकी खेळतं, जिथं जागा लहान असते त्यामुळं बॉल स्टिकला चिकटून ठेवायची सवयच लागते.

आपल्याकडं तसं नाही. आपण २००१ ला होबार्टला जिंकलो, फायनलला अर्जेंटिनाला ६-१ नं धुतलं, गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग ही सगळी त्यातली पोरं, आणि त्यानंतर थेट २०१६ ला लखनौला, बेल्जियमला २-१ नं हरवून. मधे पंधरा वर्षं. आपल्याकडं पोरं नाहीत असं कुणी म्हणणार नाही, पण आपल्याकडं चांगली बॅच येते तेव्हा येते, दर वेळेला येईलच अशी सोय केलेली नाही.

आणि चांगली बॅच आली तर काय होतं ते २०१६ च्या टीमकडं बघून कळतं. त्या फायनलला गोल मारले गुरजंत सिंग आणि सिमरनजीत सिंगनं. टोकियो ऑलिम्पिकच्या ब्राँझच्या मॅचला, जर्मनीला आपण ५-४ नं हरवलं ती, ४१ वर्षांनी हॉकीत मेडल आलं ती, त्यात दोन गोल सिमरनजीतचे होते. त्याच ज्युनिअर टीममधला हरमनप्रीत सिंग पुढं पॅरिसला २०२४ मध्ये कॅप्टन होता आणि तिथंही ब्राँझ आलं. म्हणजे लखनौच्या थंडीत ज्यांनी ती मॅच बघितली त्यांनी पुढच्या दोन ऑलिम्पिकची मेडलं आधीच बघून ठेवली होती, फक्त त्यांना ते तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून मी भाच्याला म्हणतो की ज्युनिअरच्या मॅचला स्कोअरपेक्षा नावं पाठ कर.

फॉरमॅट पटकन सांगतो. २०२५ ला पहिल्यांदाच २४ टीम होत्या, चेन्नई आणि मदुराई दोन गावांत मिळून. चार-चारचे सहा ग्रुप. क्वार्टर फायनलला जागा आठ आणि ग्रुप सहा, मग सहा ग्रुपचे पहिले आले आणि उरलेल्या दोन जागा दुसऱ्या नंबरवाल्यांतल्या सगळ्यात चांगल्या दोघांना. इथंच गोल फरकाची भानगड येते. आपण चिलीला ७-० नं, ओमानला १७-० नं आणि स्वित्झर्लंडला ५-० नं हरवलं. १७-० बघून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण म्हणाला की एवढं कशाला मारायचं बिचाऱ्यांना, पण या फॉरमॅटमध्ये एखादी मॅच घसरली तर तेच गोल कामाला येतेत, त्यामुळं कुणी हात आखडत नाही. आणि ओमान तर शेवटच्या घटकेला आलेली टीम, पाकिस्ताननं नाव काढून घेतलं म्हणून त्यांना बोलावलेलं. मला तरी त्या पोरांचं कौतुक वाटलं, १७ गोल खाऊन पण शेवटपर्यंत पळत होते.

इथं यायचं कसं, तर प्रत्येक खंडाची आपापली स्पर्धा असते, आपल्यासाठी ज्युनिअर आशिया कप. तो आपण २०२३ ला सलालाला आणि २०२४ ला मस्कतला असा लागोपाठ जिंकला, दोन्ही वेळा फायनलला पाकिस्तान. शिवाय मलेशियात जोहोर बाहरूला सुलतान ऑफ जोहोर कप होतो, सहा टीम, सगळ्यांशी सगळे खेळतेत आणि पहिल्या दोघांची फायनल. वर्ल्ड कपआधी आपली पोरं कुठवर आलीत ते तिथं कळतं. २०२५ ला तिथं फायनलला ऑस्ट्रेलियानं आपल्याला २-१ नं हरवलं होतं.

आता खुद्द खेळ. ११ जण, १५ मिनिटांचे चार क्वार्टर, ऑफसाईड नाही, आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतेत, म्हणून सारखे आत-बाहेर पळताना दिसतेत, एक जण काही मिनिटं जीव तोडून पळतो आणि बाहेर येऊन पाणी पितो. हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे निदान पाच, लाल म्हणजे घरी. नवीन माणूस अडतो ते डी आणि पेनल्टी कॉर्नरवर, त्यामुळं ते नीट सांगतो.

गोलपुढं जो अर्धगोल आखलेला असतो तो डी, साधारण साडेचौदा मीटरचा. गोल फक्त डीच्या आतूनच मारता येतो, बाहेरून कितीही जोरात मारा, डीच्या आत आपल्या कुणाची स्टिक लागली नाही तर तो गोल नाही. म्हणून सगळा खेळ डीत घुसण्यासाठी चालतो, आणि डीच्या आत बचाववाल्याच्या पायाला बॉल लागला की अंपायर दोन्ही हात गोलकडं करतो. पेनल्टी कॉर्नर.

मग जे होतं ते एखाद-दोन सेकंदाचं असतं, पण त्यात किती काय भरलंय बघा. बचाव करणारे फक्त पाच जण, गोलकीपर धरून, गोललाईनच्या मागं. बाकीचे सहा जण पार सेंटर लाईनच्या पलीकडं. गोलपोस्टपासून दहा मीटरवर मागच्या रेषेवर बॉल, तिथं एक पोरगा वाकून उभा, त्याला इंजेक्टर म्हणतेत. त्यानं बॉल ढकलला की तो डीच्या बाहेर गेलाच पाहिजे, तिथं दुसरा पोरगा स्टिक जमिनीला आडवी टेकवून बॉल थांबवतो, आणि तिसरा, फ्लिकर, आधीच पळत निघालेला असतो. तो बॉल मारत नाही. तो कमरेत पार खाली जातो, बॉल स्टिकच्या वाकड्या भागात घेतो, जमिनीवरून ओढत पुढं नेतो आणि सगळं अंग फिरवून फेकतो. ओढायचं कारण नियमात आहे, कॉर्नरवरचा पहिला शॉट टोला असेल तर तो गोलच्या फळीएवढ्या उंचीच्या, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या वर जायला नको, पण ओढून फेकलेल्या बॉलला ही अट नाही, तो थेट वरच्या कोपऱ्यात गेला तरी चालतो. आणि हे चालू असताना समोरून तोंडाला मास्क, हाताला जाड ग्लोव्हज घातलेला पहिला रशर, म्हणजे बचाववाल्यांतला सगळ्यात आधी अंगावर धावून येणारा, सुटलेला असतो, तो सरळ त्या फेकलेल्या बॉलच्या रेषेत धावतो, हे माहीत असून की तो बॉल गुडघ्यावर बसणार. १९ वर्षांचं पोरगं हे करतं. मला सगळ्या हॉकीत या धावण्याएवढं धाडस दुसरीकडं कुठं दिसत नाही.

दुसरी गोष्ट शूटआऊट, कारण २०२५ ला आपण सेमीला पोचलो तेच याच्यावर. बेल्जियमशी क्वार्टर फायनल २-२ बरोबरीत सुटली. फुटबॉलसारखं बॉल ठेवून मारणं नाही इथं. खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून बॉल घेऊन निघतो, गोलकीपर गोलमधून बाहेर पळत येतो, आणि आठ सेकंद. आठ सेकंदांत गोल झाला तर झाला. पाच-पाच जण. आपला कीपर प्रिन्सदीप सिंग बेल्जियमच्या पोरांपुढं जाऊन उभा राहिला आणि आपण ४-३ नं निघालो. आता बाहेर कोच कोण बसला होता बघा, पी. आर. श्रीजेश, टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडं आपला गोल सांभाळलेला माणूस. गोलकीपरला शिकवायला त्याच्याहून चांगला माणूस मिळाला असता का? सेमीला मात्र जर्मनीनं ५-१ नं हरवलं. ते पाच गोल बघताना मला वाईट वाटलं ते हरलो याचं नाही, आपली पोरं बॉल घेतल्यावर विचार करायली होती आणि त्यांची पोरं बॉल यायच्या आधी विचार करून बसली होती, याचं. तरी ब्राँझ आलं, २०१६ नंतरचं या स्पर्धेतलं आपलं पहिलं मेडल.

आता आमच्याकडं येतो. नांदेडला दर साली डिसेंबर-जानेवारीत गुरू गोविंदसिंघजींच्या नावानं अखिल भारतीय गोल्ड अँड सिल्व्हर कप होतो. खालसा हायस्कूलच्या मैदानावर देशभरातून टीम येतेत. वडील मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे, उन्हातान्हात दोन-दोन मॅच उभं राहून बघायचो, कडेला बसलेल्या म्हाताऱ्या सरदारजींच्या शेरेबाजीतून मला हॉकीचे अर्धे नियम कळले. गुरुद्वाऱ्यामुळं या गावाला हॉकी परकी कधीच नव्हती. पण आमची हॉकी मातीवरची. मातीवर बॉल उड्या मारत येतो, कधी डावीकडं वळेल कधी टप्पा घेईल सांगता येत नाही, म्हणून पोरगं थांबून, बघून, मग मारायला शिकतं. टर्फवर, म्हणजे नकली गवताच्या मैदानावर, बॉल सरळ येतो आणि दुप्पट वेगानं येतो. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी नकली गवतावर गेली ती गेलीच.

भाच्याची शाळा गेल्या साली विभागातून निवडून पुण्याला गेली, रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून पोरं सकाळी उतरली आणि आयुष्यात पहिल्यांदा टर्फवर उभी राहिली. मी सोबत होतो. पहिली दहा मिनिटं आमच्या पोरांच्या स्टिकखालून बॉल निघून जायला होता, आडवी स्टिक टेकवायची सवयच नाही, स्टिक उभी धरून थांबवायचे आणि तोवर बॉल मागं गेलेला. साधे बूट घातलेले, ओल्या टर्फवर दोघं घसरून पडले. सात गोल खाल्ले. संध्याकाळी भाचा मला म्हणाला, "मामा, बॉल आवाज न करताच येतो तिथं." मातीवर खडखड ऐकू येते ना बॉलची, तो कानानं खेळायचा.

टर्फ का नाही, तर पैसा आहेच, पण पाणी पण आहे. मोठ्या मॅचच्या टर्फला खेळाआधी भिजवावं लागतं म्हणजे बॉल सरकतो आणि पडलेल्या पोराचं कातडं सोलत नाही, एका भिजवणीला हजारो लिटर जातेत. आता २०१६ चा उन्हाळा आठवा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या भागात मैदानाला पाणी मारा म्हणायला कुणाची जीभ उचलेल? जगभर आता कमी पाण्याचं, कोरडं टर्फ करायचं चाललंय, पॅरिसचं टर्फ पण कमी पाण्यावर चालणारं होतं, आणि माझ्या मते मराठवाड्यानं त्याच्याचवर डोळा ठेवून आतापासून मागणी लावून धरली पाहिजे.

होत नाही असं नाही. ओडिशातला सुंदरगड जिल्हा बघा, आदिवासी भाग, तिथं पण पोरं मातीवरच खेळायची, बांबू वाकवून स्टिक करायची. दिलीप तिर्की तिथला, अमित रोहिदास तिथला, दोघंही भारताकडून खेळलेले. तिथल्या सरकारनं ब्लॉकागणिक टर्फ घालायचं काम हाती घेतलं, राउरकेलाला मोठं स्टेडियम बांधलं. पोरं आधीही होतीच, आता दहा-बारा वर्षांचं असतानाच टर्फवर जायलीत. आपल्या राज्यात धनराज पिल्लेसारखा माणूस झाला, पुण्याच्या खडकीतून निघून चार ऑलिम्पिक खेळला, पण खडकी आणि नांदेड यात रात्रभराचं अंतर आहे, आणि हे अंतर पोराच्या वयात मोजावं लागतं. आमचं पोरगं पंधरा-सोळाचं असताना पहिल्यांदा टर्फ बघतं, नीट रुळायला दोन वर्षं लागतेत, तोवर १८ संपलं. ज्युनिअरसाठी उरली दोनच वर्षं, आणि त्या दोन वर्षांत त्याला राज्याच्या टीममध्ये यायचंय, ज्युनिअर नॅशनल खेळायचीय, बेंगळुरूच्या साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, कॅम्पला बोलावणं यायचंय. जर्मनीचं पोरगं तोवर बारा वर्षं टर्फवर खेळून आलेलं असतं.

हे सगळं ऐकून भाचा गप्प बसला होता. मग त्यानं बोटं मोजली. आता १४. स्पर्धा अशीच दोन-दोन वर्षांनी होत राहिली तर २०२७ ला १६, २०२९ ला १८, २०३१ ला २०. "तीन चान्स आहेत मामा," म्हणाला, आणि मग अंगणात जाऊन फरशीवर स्टिक आडवी टेकवून लहान भावाला म्हणायला लागला, फेक, जोरात फेक, टप्पा नको पडू देऊ.